बेवारस वस्तूंचे वारस

मराठी घराला वस्तू टाकून देण्याची सवय फार उशिरा लागली. जुने लुगडे गोधडीत जाई आणि गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हईवाला नवे आयुष्य देई. बोहारीण जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात स्टीलचे पातेले ठेवून जाई. नारळाच्या करवंटीचा डवला होई, आणि अखेर जे काही उरे ते उकिरड्यावर कुजून वाडीतल्या केळींना खत म्हणून मिळे. वस्तूचा शेवट कोठे होतो हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे, कारण तो शेवट सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असे.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंनी हा क्रम मोडला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने पडद्यावर रंग आले. १९९५ साली भारतात मोबाइल फोनची सेवा सुरू झाली, आणि पुढील तीन दशकांत टीव्ही, फ्रीज, संगणक व मोबाइल ही सामान्य संसाराची भांडीकुंडी होऊन बसली. या प्रत्येक वस्तूचे घरात कौतुकाने स्वागत झाले. पहिल्या टीव्हीला कित्येक घरांत हारही घातला गेला. परंतु तिचे आयुष्य संपल्यावर काय करावे, हे ना दुकानदाराने सांगितले, ना कारखानदाराने, ना सरकारने. काही वस्तू पोटमाळ्यावर नि कपाटाच्या खणात पडून राहिल्या; बाकीच्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढून गेल्या. दृष्टीआड सृष्टी, हा मनुष्यस्वभावच आहे.

या वस्तू उकिरड्यावर कुजत नाहीत. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत एक किलोहून अधिक शिसे असू शकते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. काही जुन्या बॅटऱ्यांत कॅडमियम असते. दुसरीकडे, संगणकाच्या व मोबाइलच्या सर्किट बोर्डात तांबे, चांदी आणि सोनेही असते. सोन्याच्या खाणीतील एक टन खडकात मिळते त्याहून कितीतरी अधिक सोने एक टन जुन्या मोबाइलांतून निघू शकते. विष आणि सोने एकाच डबीत, अशी ही वस्तू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा, म्हणजेच ई-कचरा, निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन प्रक्रियेस गेल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे.

उरलेल्याचा धनी कोण? या एकाच प्रश्नाचा गेल्या सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास आम्हांला येथे वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. हा इतिहास यंत्रांचा कमी आणि माणसांच्या परस्परसंबंधांचा अधिक आहे. म्हणूनच तो ख्रिस्ती कुटुंबांनी जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते.

दुसऱ्याच्या दारात

ई-कचऱ्याच्या कायद्यांची मुळे शोधू गेल्यास ती ई-कचऱ्याच्याही आधीच्या दोन घटनांपाशी जाऊन पोहोचतात. पहिली घटना एका जहाजाची. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या कचराभट्ट्यांतील सुमारे १४,००० टन राख घेऊन ‘खियान सी’ हे जहाज १९८६ साली निघाले. बहामा बेटांनी राख नाकारली. मग ते बंदराबंदरांतून फिरत राहिले. अखेर जानेवारी १९८८ मध्ये हैती देशातील गोनाईव शहराजवळच्या किनाऱ्यावर, हे शेतीचे खत आहे असे सांगून, सुमारे ४,००० टन राख उतरविण्यात आली. हैती हा बहुसंख्य कॅथलिकांचा आणि अमेरिका खंडातील अत्यंत गरीब असा देश. राख पुन्हा भरून न्या, असा आदेश तेथील सरकारने देताच जहाज निघून गेले. पुढे त्याचे नाव बदलले, पुन्हा बदलले आणि उरलेली राख समुद्रात नाहीशी झाली. हैतीच्या किनाऱ्यावरची राख २००० साली परत अमेरिकेत नेण्यात आली व २००२ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातच, म्हणजे जेथून ती निघाली होती त्याच राज्यात, पुरली गेली. आपला कचरा आपल्याच मातीत ठेवावयास सोळा वर्षे आणि अर्ध्या जगाची प्रदक्षिणा लागली.

दुसरी घटना नायजेरियातील कोको या छोट्या बंदराची. इटलीतून आलेली घातक रसायनांची हजारो पिंपे तेथील एका सामान्य माणसाच्या अंगणात, महिना सुमारे १०० डॉलर भाड्याने, रचून ठेवल्याचे जून १९८८ मध्ये उघडकीस आले. त्या रसायनांत विद्युत उपकरणांत वापरले जाणारे पीसीबी नावाचे विषारी द्रव्यही होते. गावकऱ्यांना पिंपांत काय आहे हे कोणी सांगितले नव्हते. नायजेरियाने जगापुढे आवाज उठविला आणि इटलीला तो माल परत न्यावा लागला.

या घटनांनी जनमत ढवळून निघाले. २२ मार्च १९८९ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात घातक कचऱ्याच्या परदेशी वाहतुकीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. तो १९९२ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी भारतानेही त्यास मान्यता दिली. करार साधा होता: ज्या देशात घातक कचरा पाठवावयाचा त्या देशाला आधी कळवा, आणि त्याची लेखी संमती मिळाल्यावाचून पाठवू नका. १९९५ मध्ये याच्या पुढचे पाऊल म्हणून, श्रीमंत देशांनी गरीब देशांत असा कचरा पाठवूच नये, अशी दुरुस्ती मांडली गेली. ती अमलात येण्यास ५ डिसेंबर २०१९ हा दिवस उजाडावा लागला. अमेरिकेने बाझल करारावर १९९० साली सही केली, पण त्यास अंतिम मान्यता दिली नाही.

या कायद्यातून पळवाटही निघाली. ‘कचरा’ पाठविता येत नसेल तर ‘वापरलेली वस्तू’ पाठविता येते, किंवा ‘पुनर्वापरासाठीचा माल’. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेतील दोन पर्यावरणवादी संस्थांनी एक अहवाल प्रसिद्ध केला व त्यात चीनमधील ग्वीयू, पाकिस्तानातील कराची आणि आपली दिल्ली येथील दृश्ये जगासमोर आणली. ग्वीयूमध्ये शेतकरी कुटुंबे शेती सोडून सर्किट बोर्ड शेगडीवर तापवीत, तेजाबात बुडवीत आणि तारा उघड्यावर जाळून तांबे काढीत होती. त्या परिसरातील १६५ मुलांच्या रक्ताची तपासणी करून चिनी संशोधकांनी २००७ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत दर १०० मुलांपैकी सुमारे ८२ मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण त्या काळी चिंताजनक मानल्या जाणाऱ्या मर्यादेहून अधिक आढळले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आघात करते. श्रीमंत देशातील एखाद्या मुलाचा अभ्यासाचा संगणक जुना झाला, आणि त्याची किंमत दुसऱ्या देशातील मुलाने आपल्या बुद्धीने मोजली.

बनविणाऱ्याचे देणे

देशांच्या सीमा राखून प्रश्न सुटत नाही हे कळून येत असतानाच, दुसऱ्या दिशेने एक विचार पुढे येत होता. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० साली आपल्या सरकारला सादर केलेल्या अहवालात एक कल्पना मांडली. कारखान्याच्या फाटकातून माल बाहेर पडला की कारखानदाराचे कर्तव्य संपते, ही समजूत चुकीची आहे. त्या मालाचा अखेरचा निकाल लागेपर्यंत कारखानदार त्यास बांधलेला आहे, असे त्यांचे म्हणणे. या तत्त्वाला ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ असे नाव मिळाले. त्यामागील हिशेब व्यवहारी होता. मोडलेली वस्तू परत घेण्याचा खर्च बनविणाऱ्याच्याच खिशातून जाणार असेल तर तो ती मुळातच टिकाऊ, सहज उघडता येईल अशी आणि कमी विषारी बनवील. वस्तूत काय घालावे हे ठरविण्याची सत्ता त्याच्याच हाती असते.

जर्मनीने १९९१ साली वेष्टनांच्या कचऱ्यासाठी हे तत्त्व कायद्यात आणले. स्वित्झर्लंडमध्ये संगणकव्यवसायातील कंपन्यांनी १९९४ पासून निराळी पद्धत सुरू केली: यंत्र विकत घेतानाच ग्राहकाने त्याच्या भावी विल्हेवाटीची लहानशी रक्कम आगाऊ भरावयाची, आणि जुने यंत्र दुकानात विनामूल्य परत द्यावयाचे. १९९८ साली तेथील सरकारने वस्तू परत घेणे विक्रेत्यांस बंधनकारक केले, आणि ती इतस्ततः न फेकता परत करणे हे ग्राहकाचेही कर्तव्य ठरविले. जपानने त्याच वर्षी टीव्ही, फ्रीज, एअर कंडिशनर व धुलाई यंत्र या चार वस्तूंसाठी कायदा केला. तो एप्रिल २००१ पासून अमलात आला. तेथे खर्च ग्राहकाने वस्तू टाकतेवेळी भरावा, दुकानदाराने ती घेऊन पुढे पोचवावी आणि कारखानदाराने तिचे सुटे भाग व धातू परत वापरात आणावेत, अशी कामांची वाटणी आहे. युरोपीय संघाने २००३ साली काढलेल्या आदेशानुसार मुख्य भार उत्पादकांवर आला आणि ऑगस्ट २००५ पासून नागरिकांना जुनी उपकरणे विनामूल्य परत करण्याची सोय मिळाली.

जबाबदारी वाटून घेण्याच्या रीती अनेक असू शकतात, हे या उदाहरणांवरून दिसते. कोठे ग्राहक आधी पैसे भरतो, कोठे नंतर, कोठे कारखानदार. परंतु प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट समान आहे: कोणी काय करावयाचे ते नावानिशी ठरलेले आहे.

एका अक्षराचे अंतर

नाव न घेता जबाबदारी ‘सर्वांची’ म्हटली की काय होते, याचेही उदाहरण त्याच काळात मिळते. अमेरिकेत अध्यक्ष क्लिंटन यांनी नेमलेल्या शाश्वत विकासविषयक मंडळाने १९९६ साली आपला अहवाल दिला. त्यात युरोपातील तत्त्वाला किंचित निराळे रूप देण्यात आले. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी याऐवजी तेथे उत्पादनाची विस्तारित जबाबदारी हा शब्दप्रयोग आला. आपल्या भाषेत बोलावयाचे तर ‘क’ जाऊन ‘न’ आला. माल पुरविणारे, बनविणारे, विकणारे, वापरणारे आणि टाकणारे या सर्वांनी ही जबाबदारी वाटून घ्यावी, असा त्यामागील विचार होता.

विचार म्हणून तो ऐकावयास गोड आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु उत्पादकाला पत्ता असतो, उत्पादनाला नसतो. अमेरिकेत देशभर लागू होईल असा ई-कचरा परत घेण्याचा कायदा झाला नाही. निरनिराळ्या राज्यांनी आपापले कायदे केले आणि बरीच राज्ये तशीच राहिली. आपल्याकडे पेशवाईच्या इतिहासातून ‘बारभाईचा कारभार’ हा वाक्प्रचार आला आहे. कारभारी अनेक आणि जबाब देणारा कोणीच नाही, अशा स्थितीला आपण तो लावतो. वाटणीत वाटेकऱ्यांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला नसेल, तर ती वाटणी कागदावरच राहते. हे शेतजमिनीच्या बाबतीत आपल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे; कचऱ्याच्या बाबतीतही तेच खरे आहे.

आपल्या देशातील वाटचाल

भारतात हा प्रश्न दोन वाटांनी आला: बाहेरून येणाऱ्या जुन्या मालातून आणि आपल्याच घराघरांतून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००५ साली देशातील ई-कचरा सुमारे १.४६ लाख टन असल्याचा अंदाज केला. त्यात राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आणि शहरांमध्ये मुंबईचा क्रमांक पहिला होता. आज चीन आणि अमेरिका यांच्यानंतर सर्वाधिक ई-कचरा आपल्या देशात निर्माण होतो.

हा सारा माल पोचतो कोठे? दिल्लीतील सीलमपूर, पितळी भांड्यांसाठी नावाजलेले मुरादाबाद, मुंबईतील कुर्ला-साकीनाका परिसरातील भंगाराचे गाळे, ही त्यांपैकी काही ठिकाणे. तेथे काम करणाऱ्यांचे कौशल्य थक्क करणारे आहे. कोणत्या बोर्डावर कोठे कोणता धातू आहे हे त्यांना बोटांच्या स्पर्शाने कळते. मोडके यंत्र दुरुस्त करून पुन्हा चालू करण्यात त्यांचा हात धरणारा नाही. परंतु हातमोजा नाही, तोंडाला फडके नाही, आणि धूर व तेजाब यांपासून बचाव करणारी भिंतही नाही. आपण भंगारवाल्याकडून जे शंभर-दोनशे रुपये घेतो, त्यांत या माणसांच्या फुप्फुसांचा हिस्सा मिसळलेला असतो.

२०१० साली दिल्लीतील मायापुरी या भंगारबाजारात जे घडले ते या संदर्भात विसरता येत नाही. एका विद्यापीठाने १९६८ साली घेतलेले आणि १९८५ पासून वापरात नसलेले प्रयोगशाळेतील यंत्र फेब्रुवारी २०१० मध्ये भंगार म्हणून लिलावात विकले. त्यात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य होते. भंगार कामगारांनी ते यंत्र फोडले. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर काही जण गंभीर आजारी पडले. हा काही नेहमीचा ई-कचरा नव्हे. पण धडा तोच आहे. ज्यांना यंत्राचे ज्ञान होते त्यांनी ते हातावेगळे केले, आणि ज्याला त्यातले काहीच माहीत नव्हते त्याच्या वाट्याला मरण आले.

आपल्या देशातील ई-कचऱ्याच्या कायद्याचा आरंभ मात्र आशादायक रीतीने झाला. पर्यावरण क्षेत्रातील स्वयंसेवी संस्था, संगणक उत्पादकांची संघटना आणि जर्मनीची साहाय्यक संस्था यांनी एकत्र बसून नियमांचा मसुदा तयार केला व २००९ साली तो सरकारला दिला. २०११ मध्ये नियम जाहीर झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. योगायोगाने तो दिवस महाराष्ट्र दिन आणि कामगारांचे आश्रयदाते संत योसेफ यांचा सण. या नियमांनी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी भारतीय कायद्यात आणली; पण किती माल गोळा करावयाचा याचे उद्दिष्ट ठरविले नव्हते. २०१६ च्या नियमांनी ती उणीव भरून काढली आणि अनेक उत्पादकांच्या वतीने संकलनाचे काम करणाऱ्या संस्थांनाही मान्यता दिली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांनी पूर्वीच्या २१ ऐवजी १०६ प्रकारच्या वस्तू कक्षेत घेतल्या आणि उद्दिष्टे वाढविली: पहिल्या दोन वर्षांसाठी ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. उत्पादकाने नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगाकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन हे उद्दिष्ट पुरे करावयाचे असते. प्रमाणपत्रांचा भाव फार खाली जाऊ नये म्हणून सरकारने २०२४ साली किमान दर बांधून दिला, तेव्हा काही बड्या कंपन्यांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. देणे मान्य असणे आणि ते चुकविण्याचा दर मान्य असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून दिसून आले.

या नियमांत एक शब्द असा आहे की जो वाचताना आम्ही थबकलो. ज्या वस्तूवर कंपनीचे नाव नाही, किंवा जिची कंपनीच बंद पडली आहे, अशा वस्तूला कायद्याच्या इंग्रजी भाषेत ‘अनाथ’ असे विशेषण आहे. या अनाथ वस्तू गोळा करून नोंदणीकृत प्रक्रिया केंद्राकडे पोचविण्याचे काम नगरपालिका, महानगरपालिका व ग्रामपंचायती यांच्याकडे दिले आहे. वस्तूंमध्येही अनाथ असतात आणि त्यांचा सांभाळ समाजाने करावा, ही भाषा एखाद्या धर्मोपदेशकाची वाटावी. ती सरकारी राजपत्रात आली आहे. त्याच नियमांनी या क्षेत्रातील कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि सुरक्षितता पाहण्याचे काम राज्य सरकारांकडे सोपविले आहे. परंतु प्रमाणपत्रांच्या या बाजारात सीलमपूरचा किंवा कुर्ल्याचा कारागीर स्वतःच्या नावाने उभा राहू शकत नाही. नोंदणीसाठी लागणारी जागा, यंत्रे आणि भांडवल त्याच्यापाशी नाही. सर्वांत जास्त काम करणाऱ्या वाटेकऱ्याचे नाव वाटणीपत्रात अद्याप नीट लिहिले गेलेले नाही, ही आपल्या देशातील उणीव आहे.

शोमरोन्याची दोन नाणी

ख्रिस्तसभेपाशी या प्रश्नावर सांगण्यासारखे काय आहे? पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या विश्वपत्रात एक तत्त्व स्पष्ट केले. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, आणि जे लहानाला झेपत नाही त्यासाठी मोठ्याने साह्य करावे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या ‘सोल्लिचितूदो रेई सोचालिस’ या विश्वपत्रावर ३० डिसेंबर १९८७ ही तारीख आहे. ‘खियान सी’ जहाज हैतीच्या किनाऱ्याला लागण्याच्या बेतात होते, ते हेच दिवस. त्या पत्रात त्यांनी बांधिलकीचा अर्थ सांगितला: दूरच्या दुःखाबद्दल वाटणारी हळहळ म्हणजे बांधिलकी नव्हे, तर सर्वांच्या हितासाठी ठामपणे झटण्याचा निश्चय. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात वस्तू आणि माणसे दोन्ही टाकून देणाऱ्या संस्कृतीवर बोट ठेवले, आणि श्रीमंत देशांतून गरीब देशांत जाणाऱ्या विषारी कचऱ्याचा उल्लेख पर्यावरणीय ऋण म्हणून केला.

या सर्व शिकवणुकीचे सार आम्हांस एका दाखल्यात सापडते. चांगल्या शोमरोन्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तिच्या शेवटाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. शोमरोनी जखमीला उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन नाणी देतो, पुढचा सांभाळ त्याच्यावर सोपवितो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरून देण्याचे वचन देतो. येथे कामाची वाटणी आहे. सारे काही शोमरोनी स्वतः करीत नाही. शुश्रूषा रखवालदाराने करावयाची आहे. पण शोमरोनी पैसे आगाऊ देतो, आणि रखवालदाराला तोट्यात टाकून निघून जात नाही. परत येण्याचे वचन हा त्या वाटणीचा कणा आहे. याउलट, त्याआधी त्या वाटेने गेलेले दोघेही, हे आपले काम नव्हे असे मानून, रस्त्याची दुसरी बाजू धरून गेले होते.

ई-कचऱ्याच्या इतिहासात हे सर्वच जण आपल्याला भेटतात. राख टाकून नाव बदलणारे जहाज रस्त्याची दुसरी बाजू धरते. आगाऊ रक्कम घेऊन वस्तू परत घेणारे दुकान दोन नाणी मोजते. आणि सीलमपूरचा कारागीर? तो रखवालदाराचे काम करतो आहे. मात्र त्याच्या हातावर कोणी नाणी ठेवलेली नाहीत आणि परत येण्याचे वचनही कोणी दिलेले नाही.

आपला हिस्सा

मग आपल्या वाट्याला काय येते? सर्वांत मोठा भार उत्पादकाचा, हे विसरून चालणार नाही. ज्याला अधिक दिले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, हा सुवार्तेचाच न्याय आहे. परंतु घरातली वस्तू घराबाहेर काढण्याचा निर्णय आपलाच असतो, आणि साखळीची ती पहिली कडी तुटली की पुढचे सारे कायदे रिकामे राहतात.

कुटुंबाने करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. नवी वस्तू घेताना ‘जुनी परत घेता का, आणि ती पुढे कोठे जाते?’ हा प्रश्न दुकानदाराला विचारावा. दुरुस्त होणारी वस्तू दुरुस्त करून घ्यावी. आपल्या नाक्यावरचा रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा तरुण हा कल्हईवाल्याचाच वंशज आहे, त्याचा धंदा टिकणे सृष्टीच्या हिताचे आहे. ट्यूबलाइट, बॅटरी, चार्जर ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये आणि केबल तर कधीही जाळू नये. खणात वर्षानुवर्षे पडलेले फोन हे बचत नव्हे. त्यांतले तांबे आणि सोने बाहेर आले तर तेवढे कमी खणावे लागेल.

धर्मग्रामाने करावयाच्या गोष्टी याहून थोड्या मोठ्या आहेत. आपल्या शाळा, दवाखाने, पतपेढ्या आणि मठ येथे दर काही वर्षांनी संगणक बदलले जातात. वर्षभरात किमान १,००० उपकरणे वापरणाऱ्या संस्थेला कायदा ‘मोठा ग्राहक’ मानतो आणि जुना माल नोंदणीकृत केंद्राकडेच देण्याचे बंधन घालतो. आपली एखादी शाळा या संख्येत बसणार नाही. पण सदसद्विवेकबुद्धी हजारापासून मोजावयास सुरुवात करीत नाही. भंगाराच्या बोलीत पाचशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, परंतु माल कोठे गेला याची पावती हवी, असा ठराव प्रत्येक संस्थेने करावा. चार धर्मग्रामांनी मिळून वर्षातून एक-दोन वेळा संकलनाचा दिवस ठेवावा, महानगरपालिकेला त्यात सामील करून घ्यावे, आणि मुख्य म्हणजे परिसरातील भंगारवाल्या बांधवांना त्यातून वगळू नये. वस्तू हाताळण्याचे आणि वेगवेगळ्या करण्याचे त्यांचे कसब वापरावे, त्याचे योग्य मोल द्यावे आणि जाळण्याचे व तेजाबाचे काम मात्र सुरक्षित केंद्रावर सोडावे. त्यांना दूर सारून केलेली स्वच्छता ही न्याय्य ठरणार नाही. १८९१ साली ‘रेरूम नोवारूम’ने कामगाराच्या प्रतिष्ठेविषयी जे सांगितले, ते हातगाडी ओढणाऱ्यालाही लागू आहे.

हे सारे स्वप्नरंजन नव्हे. २०२२ साली बाझल करारात एक दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. तिच्यानुसार घातक असो वा नसो, कोणताही ई-कचरा आता दुसऱ्या देशाच्या संमतीवाचून पाठविता येत नाही. ‘हा घातक नाही’ म्हणून निसटण्याची वाट बंद झाली. ही दुरुस्ती दोन देशांनी मिळून मांडली होती: स्वित्झर्लंड आणि घाना. एक जगातील अतिश्रीमंत देशांपैकी. दुसरा असा की ज्याच्या राजधानीत, आक्रा शहरातील आग्बोग्ब्लोशी येथे, परदेशी संगणकांच्या तारा वर्षानुवर्षे उघड्यावर जळत होत्या. टाकणाऱ्यांच्या बाजूचा आणि ज्याच्या दारात टाकले गेले त्या बाजूचा, असे दोघे एका कागदावर सही करण्यास बसले, तेव्हा चाळीस वर्षांच्या या इतिहासाला योग्य वळण लागले.

आपल्याकडेही हाच मेळ बसावयास हवा. घरधनी, दुकानदार, कारखानदार, पालिका आणि भंगारवाला हे पाचजण एका सतरंजीवर बसले, आणि प्रत्येकाने आपला हिस्सा आपल्या नावाने उचलला, तर यांपैकी कोणतीही वस्तू अनाथ राहणार नाही. वस्तूंना वारस मिळाले की त्यांच्या विषाला बळी पडणारी लेकरेही आपोआप आपली वाटू लागतील. शेजारधर्म याहून वेगळा असतो, असे आम्हांस वाटत नाही.